वर्सोव्याचं लुगडं आणि माझा उजवा हात

जनीबाय, तुला आठवतं का गं, वर्सोव्याच्या किनाऱ्यावर आपण दोघी लुगड्यांच्या घड्या घालायचो? एका टोकाला तू, दुसऱ्या टोकाला मी, आणि मधल्या नऊ वारांत दर्यावरचा वारा भरलेला. तू ओरडायचीस, "घट धर गो, नायतर मढला जाईल." मग आपण एकमेकींकडे चालत यायचो, टोकाला टोक लावायचो, पुन्हा मागे सरकायचो. त्या वेळी आपण काय बोलत असू, ते आता आठवत नाही. बहुतेक भाजीबद्दल, नाहीतर तुझ्या दाढदुखीबद्दल. पण कापडाला लागलेला उन्हाचा आणि सुक्या मासळीचा वास अजून आठवतो.

हा ब्लॉग वाचणारे बरेच जण माझ्यासारखेच आफ्रिकेत जन्मलेले मराठी लोक आहेत आणि मुंबईला जायचं म्हटलं की ते विचारतात, "तिथे राहायचं कसं? घालायचं काय?" ऐंशीच्या दशकात मी वर्सोव्याच्या कोळीवाड्यात सगळा हिवाळा आणि थोडा उन्हाळा काढला. त्या मुक्कामाची ही हकीकत. तेव्हाचे भाडे-दर आज कुणाच्या कामाचे नाहीत, रस्ते मात्र थोडेफार तेच आहेत.

माझा जन्म मोंबाशाचा. वडील बंदराच्या कचेरीत होते. घरात आई शुद्ध मराठी बोलायची, शाळेत सगळा इंग्रजी कारभार. शाळा कॉन्व्हेंटची. सिस्टर मला शैला म्हणत नसत, शीला म्हणत. सोमवारी सकाळी त्या आम्हाला रांगेत गुडघ्यांवर बसवायच्या. स्कर्टची कड जमिनीला टेकली तर ठीक, नाही तर घरी चिठ्ठी. पाय दिसणं म्हणजे वाईट वळण, हे माझ्या मनात असं गुडघ्यांतून शिरलं होतं.

मोहन मला मोंबाशाच्या बंदरातच भेटला. वर्सोव्याचा कोळी, जहाजाच्या इंजिनरूममध्ये कामाला. माझ्या वडिलांकडे कागदांवर सही घ्यायला आला आणि आईच्या हातचं थालीपीठ खाऊन गेला. लग्न आम्ही तिथेच नोंदणी पद्धतीने केलं. त्या दिवशी आईने तिच्या पत्र्याच्या डब्यातून पुण्याहून आणलेल्या हिरव्या बांगड्या काढल्या आणि माझे दोन्ही हात भरले. पुढच्याच वर्षी आई गेली. मी त्या बांगड्या उतरवल्या नाहीत. भांडी घासताना, दार उघडताना मी हात असे जपायची की वडील म्हणत, तुझ्या हातांना प्लास्टर घातलंय का?

मग मोहनला तेलवाहू जहाजावर नोकरी लागली. आखातातली फेरी होती. त्या वर्षांत आखातात जहाजांवर हल्ले होत होते. तो म्हणाला, "मी परत येईपर्यंत तू आयकडे राहा. ती तुला अजून नीट भेटलेली नाही." भेटलेली नाही, हे त्याने सौम्य करून सांगितलं होतं. त्याची आई आमच्या लग्नानंतर आमच्याशी एक अक्षरही बोलली नव्हती. मला हवं होतं ते एवढंच, की तिने मला एकदा हाक मारावी. त्यासाठी मी विमानाचं तिकीट काढलं.

दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. सहार विमानतळावर जनीबाय, म्हणजे मोहनची थोरली बहीण, घ्यायला आली होती. सहारहून रिक्षा अंधेरीचा सब-वे ओलांडून, बाजाराच्या गर्दीतून, सात बंगल्याकडे वळते आणि मग अचानक हवा बदलते. आधी खारा वारा, मग वास. तयारीने जा. तो वास पहिल्या दिवशी नाकात शिरतो, तिसऱ्या दिवशी लक्षात राहत नाही, आणि परत गेल्यावर त्याची आठवण येते. किनाऱ्यावर बांबूच्या उंच वलांड्या होत्या, म्हणजे बोंबील वाळत घालायच्या दांड्या. जोडीजोडीने टांगलेले बोंबील उन्हात पारदर्शक दिसत. त्यामागे समुद्र, आणि त्या सगळ्याच्या मधून डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बायका येत होत्या.

मी रिक्षातून उतरून तशीच उभी राहिले. अशा बायका मी कधी पाहिल्या नव्हत्या. हिरवी, जांभळी, कुसुंबी लुगडी कमरेला गच्च आवळलेली, काष्टा मागे खोचलेला, पोटऱ्या उघड्या. वर चोळी, आणि खांद्यांवरून पुढे घेतलेलं रंगीत कापड, त्याला फडकी म्हणतात. केसांत अबोलीची वेणी. टोपलीतून पाणी ठिबकत होतं आणि त्या ओल्या वाळूवरून अशा चालत होत्या, जणू टोपलीला वजनच नाही. मी सुटाबुटातली माणसं पाहिली होती, बुरख्यातल्या बायका पाहिल्या होत्या, गव्हर्नरसाहेबाच्या बायकोची टोपीसुद्धा लहानपणी पाहिली होती. पण कपड्यांत इतकं रुबाबदार कुणी दिसलं नव्हतं.

मी पँट आणि शर्ट घातला होता. घराच्या ओट्यावर आय बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं, तोंडाकडे, मग नजर खाली गेली, आणि तिथेच थांबली. मग ती आत वळून म्हणाली, "जने, तिला विचार, च्या घेनार का."

मी समोर दोन हातांच्या अंतरावर उभी होते.

"पँट," मी मनात म्हटलं. "पँट घालायला नको होती."

दुसऱ्या दिवशी मी पायघोळ मॅक्सी घातली. पाय झाकले, गळा झाकला, सिस्टरनीसुद्धा शाबासकी दिली असती. शेजारची गोदाआजी ओट्यावर जाळं निवडत होती. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पाय काय गहान टाकलंस गो? दिसत नाय ते."

ओट्यावरच्या सगळ्या हसल्या. मीही हसले. पण हसता हसता गोदाआजीची नजरही खाली घसरली आणि आयसारखीच कुठेतरी थांबली, तेव्हा तिचं हसू विझलं.

ज्यांना तिथल्या कपड्यांची काळजी वाटते, त्यांच्यासाठी एक गंमत. जनीबायच्या टोपलीमागून मी सात बंगल्याच्या इमारतींत जाऊ लागले. तिथे सकाळी दुधाच्या केंद्रावर, भाजीवाल्याकडे, मासे घ्यायला, सगळ्या बायका गाऊनमध्ये येत. आमच्याकडे ज्याला रात्रीचे कपडे म्हणतात, ते. आणि त्यावर लाज राखायला खांद्यावर एक टॉवेल. टर्किशचा, कधी नुसता नॅपकिन. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं कुणाच्या घरी पाणी गेलंय आणि बाई अंघोळ अर्धी टाकून आलीय.

"तो टॉवेल कशाला?" मी जनीबायला विचारलं.

"ती त्यांची फडकी," ती पापलेट कापता कापता म्हणाली. मग वरच्या मजल्याकडे ओरडली, "वयनी, खाली या. आज हलवा हाय, नंतर मंग बोलू नका जनीनं सांगलं नाय." (हलवा म्हणजे पापलेटच्या जातीचा काळसर मासा.)

तेव्हा मला कळलं की या उपनगरात प्रत्येक गल्लीचा कपड्यांचा कायदा वेगळा आहे, आणि कायदा मोडल्याचं कुणी तोंडावर सांगत नाही. त्यामुळे मी प्रयत्न करत राहिले. मॅक्सी सोडली, सहावारी साडी नेसले. आय म्हणाली, "जने, तिला सांग, पदर चुलीत जाईल." म्हणजे साडी पाहिली. पण नजर पुन्हा खालीच. जेवायला वाढताना, पाणी भरताना, बाजारात, पाणवठ्यावर. बायका बोलता बोलता माझ्याकडे बघत आणि मग गप्प होत. मी रात्री आरशात स्वतःला बघून कुठे काय चुकतंय ते शोधायची.

शेवटी मी जनीबायला म्हटलं, "मला लुगडं नेसव."

ती खूश झाली. तिने तिचं जांभळं लुगडं काढलं. आधी कमरेला अशी गाठ मारली की माझा श्वास अडकला. "सैल नेसलीस तर होरीत पाय टाकता येनार नाय. चिकलात उतरता येनार नाय. घट नेसायचं, मंग इसरायचं." (होरी म्हणजे लहान होडी.) निऱ्या, मग दोन्ही पायांतून मागे, पाठीशी खोच, वर चोळी, वर फडकी. पोटऱ्यांना वारा लागला आणि मी चटकन खाली वाकले, लुगडं खाली ओढायला.

"काय हरवलं?" जनीबायने विचारलं.

मी तिला सिस्टरची, गुडघ्यांची गोष्ट सांगितली. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "तुमच्या शिस्टरला कवा चिकलातून मासली काढायला नाय लागली ना. मंग बरोबर हाय तिचं."

पहिल्या दिवशी मी ओट्यापासून विहिरीपर्यंत गेले आणि काष्टा सुटला. गोदाआजीने फडकीत तोंड लपवलं. दुसऱ्या दिवशी बंदरापर्यंत गेले. आठवड्याभरात मी जनीबायबरोबर होडीने मढला गेले. (ही होडी आजही चालते. खाडी ओलांडायला फार वेळ लागत नाही. सुट्टे पैसे ठेवा, आणि ओहोटीला गेलात तर चपला हातात घ्या.) ओहोटी होती. होडी किनाऱ्यापासून लांब थांबली. आजूबाजूच्या साडीवाल्या बायका एकमेकींना धरत, पदर सांभाळत, किंचाळत उतरल्या. जनीबाय उतरली आणि चालू लागली. मीही उतरले. पोटऱ्यांपर्यंत चिखल, पण कापडाचं एक टोकही ओलं झालं नाही. दोन्ही हात मोकळे. मी मधेच थांबले आणि माझ्या पायांकडे पाहिलं. जन्मभर झाकून ठेवलेले माझे पाय त्या काळ्या चिखलात किती कामाचे दिसत होते. ते बघून मला रडूच आलं.

मढच्या देवळाजवळ आम्ही तांदळाची भाकरी आणि करंदीचं सुकं खाल्लं. करंदी म्हणजे बारीक कोळंबी. जनीबायने डबा आणला होता. तिथे अजूनही चांगलं जेवण मिळतं म्हणतात, पण डबा न्यावा हे उत्तम.

लुगडं जमलं तेव्हा मला वाटलं, आता आय बोलेल. तिने पाहिलं. पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर काहीतरी मऊ आलं. आणि मग नजर खाली गेली, आणि ते मऊपण गेलं. "जने, तिला सांग, नेसली चांगली." एवढंच.

त्याच सुमारास सासऱ्यांच्या रेडिओवर बातमी लागली. आखातात एका जहाजाला आग लागली होती. नाव नीट ऐकू आलं नाही. मोहनच्या जहाजाचं ते नव्हतं, हे कंपनीच्या माणसाने दुसऱ्या दिवशी सांगितलं, पण तो एक दिवस मी विसरलेले नाही. सासऱ्यांनी त्याच वर्षी होडीवर जाणं सोडलं होतं. ते अंगणात जाळं विणत बसत. त्या दिवशी त्यांच्या हातातली सुई तशीच राहिली. आय किनाऱ्यावर गेली आणि संध्याकाळपर्यंत आली नाही.

मला तिच्यासाठी काहीतरी करायचं होतं. आणि इथे माझी चूक झाली.

आयच्या डाव्या हातात कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या होत्या. उजव्या हातात काचेची एकही नाही, फक्त झिजलेला चांदीचा गोट, म्हणजे जाड भरीव कडं. बहुतेक कोळणींचे हात तसेच होते. मासे कापताना उजव्या हाताला काच नको, फुटते, असा मी माझ्यापुरता अर्थ लावला होता. सणासुदीला तरी हात भरलेला असावा, असं मला वाटलं. अंधेरी स्टेशनबाहेरच्या बाजारात कासाराकडे गेले आणि हिरव्या बांगड्या घेतल्या, दोन्ही हातांच्या. कासाराने विचारलं, "कोणासाठी?" मी अभिमानाने म्हटलं, "सासूसाठी. वर्सोव्याची." त्याने डोळे उचलून माझ्याकडे पाहिलं आणि बांगड्या कागदात गुंडाळल्या.

दुपारी ओट्यावर सगळ्या होत्या. आय करंदी निवडत होती. मी तिच्यासमोर बसले, पाण्याने तिचे हात धुतले. तिने हात धुऊ दिले. मी तिचा उजवा हात धरला, चांदीचा गोट वर सरकवला आणि पहिली बांगडी बोटांवर चढवली.

तिने हात असा ओढला की बांगडी दगडावर पडून फुटली.

"तो हात माझा नाय," आय म्हणाली.

मला कळलंच नाही. ती उठली आणि आत गेली. गोदाआजी हळूच म्हणाली, "पोरीला कोनी सांगलं नाय का?"

"सांगायचं नसतं ना," जनीबाय म्हणाली, आणि काचा गोळा करू लागली.

दुसऱ्या दिवशी तिने मला जबरदस्तीने आरे कॉलनीत नेलं. तिथल्या कर्मचाऱ्यांच्या वसाहतीत तिचं सुक्या बोंबलांचं एक गिऱ्हाईक होतं. अंधेरीहून साकीनाक्याच्या बाजूने बस जायची. आधी वर्कशॉपच्या दोन्ही बाजूंच्या पत्र्यांचा, वेल्डिंगच्या ठिणग्यांचा रस्ता, आणि मग एका वळणानंतर सगळं हिरवं. बस जंगलातून जाते. झाडांच्या मागे गोठे, गवताचे ढीग, डोंगरावर एखादा पाडा. मुंबईत असाल आणि एका दिवसाची शांतता हवी असेल तर आजही तिथे जा, पण लवकर निघा. आम्ही दुधाच्या केंद्रावर गार दुधाच्या बाटल्या घेतल्या आणि एका मोठ्या झाडाखाली बसलो.

"आता सांग," मी म्हटलं.

जनीबायने बाटलीतलं दूध संपवलं. मग तिने तिचा उजवा हात पुढे केला. त्यातही काच नव्हती. "लगीन झालं ना, की नवरी दर्यावर जाते. उजव्या हातातल्या बांगड्या उतरवते, दर्याला देते. सांगते, हा हात तुझा. माझा मानूस तुझ्या पान्यावर हाय, तवर सांबाल. मंग त्या हातात काच घालायची नाय."

वारा पडला होता. गोठ्यातून घंटा ऐकू येत होती.

"म्हणजे तुम्हा सगळ्यांचे उजवे हात..."

"दर्याकडं हायत." तिने अगदी साधेपणाने सांगितलं, जसं कुणी सांगतं की दागिने बँकेत आहेत. "बापूस एकदा वादलात सापडला. मी लहान होती. बंदरात बाकीच्या होऱ्या आल्या, याची नाय आली. आय वालूत बसली, उजवा हात पान्यात बुडवून. उठलीच नाय. तिसऱ्या दिसाला बापूस आला."

मी माझ्या उजव्या हाताकडे पाहिलं. आईच्या बांगड्या. मनगट भरलेलं, हिरवं, झाडांतून येणाऱ्या उन्हात चमकणारं.

"सगळ्या हेच बघत होत्या," मी म्हटलं.

"मंग काय? तुला वाटलं पँट बघतात." ती हसली नाही. "तुमचं लगीन कागदावर झालं. मोहन आखातात, आनि तुझा हात तुझ्याकडंच. आयला जेवन जात नाय गो."

"मग मला सांगितलं का नाही कुणी?"

"मागून घेतलेलं दर्याला चालत नाय. मानसाने आपल्या मनाने द्यायचं. म्हनून आय तुझ्याशी बोलत नाय. बोलली तर तोंडातून निघंल, अशी भीती तिला."

इतके दिवस मी ज्याला तिरस्कार समजत होते, ते एका आईचं तोंड दाबून धरणं होतं. जिला मुलगा सुखरूप परत हवा होता, जी माझ्याकडून एकच गोष्ट मागू शकत होती, आणि मागितली तर तिची किंमत जाईल म्हणून जी रोज माझ्यासमोर बसून ती मागत नव्हती. मी कॅथेड्रलं पाहिलीत, मशिदी पाहिल्यात. श्रद्धेची एवढी कठीण शिस्त मी त्याआधी किंवा नंतर पाहिली नाही.

आता तुम्हाला वाटेल, मी परत येताच बांगड्या काढल्या. नाही. मी कॉन्व्हेंटची, माझे वडील देवळाच्या पायरीवरही बूट न काढणारे. आणि त्या बांगड्या काच नव्हत्या, त्या माझ्या आईची बोटं होती. माझ्या दुसऱ्या कुठल्याही वस्तूला आईचा तो शेवटचा स्पर्श नव्हता. मी त्या समुद्रात टाकायच्या, एका अशा गोष्टीसाठी जिच्यावर माझा विश्वास आहे की नाही हेच मला ठाऊक नव्हतं. काही दिवस मी तशीच वावरले. उजवा हात फडकीखाली घेऊन चालू लागले. आपला हात आपणच लपवून चालायचं, ते फार जड होतं.

मग एका सकाळी मी बोंबील वळवायला किनाऱ्यावर गेले. ओहोटी होती. लांब, चिखलाच्या पलीकडे, पाण्याच्या कडेला आय उकिडवी बसली होती. पाठमोरी. तिचा उजवा हात पाण्यात होता. ती पुटपुटत नव्हती, डोळेही मिटलेले नव्हते. नुसती बसली होती, एखादी बाई तापलेल्या पोराच्या कपाळावर हात ठेवून बसते तशी.

मला तेव्हा विश्वास वाटला का? अजूनही सांगता येत नाही. पण तिच्या शेजारी एका हाताची जागा रिकामी होती, एवढं मला दिसलं.

मी चिखलात उतरले. लुगडं होतं म्हणून उतरता आलं. तिच्या बाजूला जाऊन बसले आणि बांगड्या ओढू लागले. निघेनात. लग्नानंतर माझा हात जाडावला होता आणि मी त्या कधी काढल्याच नव्हत्या. हाडावरची कातडी लाल झाली. आय बघत होती. तिने कमरेच्या पिशवीतून खोबरेल तेलाची छोटी बाटली काढली, केसांना लावायची, आणि समुद्राकडे तोंड करून मोठ्याने म्हणाली, "मी मागितलं नाय. तू बघतंस. मी काय बोलली नाय."

मग तिने माझ्या हाताला तेल चोळलं. अंगठ्याच्या बुडाशी, हाडावर, हळूहळू. बांगड्या एकेक करून मीच काढल्या. एकही फुटली नाही. माझ्या आईने भरल्या होत्या, दुसऱ्या आईच्या तेलाने निघाल्या. मी त्या पाण्यात सोडल्या. काच हिरवी, पाणी गढूळ, लगेच दिसेनाशा झाल्या.

काय बोलायचं ते मला पाठ नव्हतं. मी म्हटलं, "हा हात तुझा." मराठीतच म्हटलं.

आयने तिच्या उजव्या हातातला चांदीचा गोट काढला. "माझा मानूस आता किनाऱ्यावर हाय," ती म्हणाली. "मना नको. ज्याचा मानूस पान्यावर, त्याच्या हातात पायजे." तिने तो माझ्या हातात घातला. आणि मग, इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा, जनीबायला मध्ये न घेता म्हणाली, "पोरी, चल. भाकर थंड होईल."

मोहन उन्हाळ्यात परत आला. मी यातून काही सिद्ध करत नाही. त्याच्यासोबत निघालेल्या सगळ्यांच्या घरी अशी बातमी गेली नाही, आणि त्यांच्या बायकांनीही काही ना काही केलं असेलच. एवढं सांगते, की सहारला त्याने माझा हात हातात घेतला, रिकामं मनगट आणि गोट पाहिला, आणि तिथेच, सामानाच्या गाड्यांमध्ये, खाली बसला. त्याने मला कधीच सांगितलं नव्हतं. त्यालाही मागायचं नव्हतं.

आम्ही मोंबाशाला परतलो. माझे वडील माझ्या उजव्या हाताकडे बघून म्हणाले, "बांगड्या कुठे गेल्या?" मी म्हटलं, "मोहनच्या गावी ठेवल्यात." त्यांनी पुढे विचारलं नाही. मी पँट घातली, फ्रॉक घातला, चर्चच्या लग्नाला हॅट घातली, पण या हातात पुन्हा काच घातली नाही. आमच्या घरातली ही रीत सगळ्या कोळीवाड्यांत अशीच आहे की नाही, मला ठाऊक नाही. तुम्ही तिथे गेलात तर कुणाच्या हाताकडे बघून विचारू नका. आता अंधेरीहून मेट्रो थेट वर्सोव्याच्या नावाच्या स्टेशनला जाते, आणि लुगडं नेसणाऱ्या बायका कमी दिसतात. दिसल्या तर रस्ता द्या आणि न विचारता फोटो काढू नका.

काय उरलं, असं विचारलं तर एक हलकेपण उरलं. उजवा हात माझा नाही, ही भावना. त्याने मी लिहिते, भाकरी थापते, नातवंडांच्या पाठीवर ठेवते, पण तो उसना आहे असं वाटतं, आणि उसनी वस्तू माणूस जपून वापरतो. मोहन निवृत्त झाला, आणि पुष्कळ वर्षांनी आपल्या घरी, आपल्या बिछान्यात वारला. तो किनाऱ्यावर आला त्या दिवसापासून गोट माझ्या हातात नियमाने राहायला नको होता. पण आमच्या घरातलं दुसरं कुणी पाण्यावर नव्हतं, म्हणून मी तो ठेवला.

आता आहे. जनीबायची नात वेदिका मालवाहू जहाजावर अधिकारी झाली आहे. या हिवाळ्यात तिचं लग्न. मुलगा निखिल चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत सुटे भाग बनवतो, आणि त्याला बोटीत बसलं की मळमळतं. तेव्हा माझ्यामागे काय कुणाला द्यायचं, ते माझ्या मुलांनी आणि जनीबायच्या घरच्यांनी लक्षात ठेवावं.

जांभळं लुगडं जनीबायचं, ते तिला परत द्यावं. तिने नको म्हटलं तरी द्यावं. माझं कुसुंबी लुगडं माझ्या मुलीला, पण ते फ्रेम करून भिंतीवर लावायचं नाही, नेसायचं. माझ्या डाव्या हातातल्या आईच्या बांगड्या माझ्याबरोबर जाऊ द्याव्यात. फडक्या गोदाआजीच्या पणतींना वाटाव्यात. सिस्टरनी दिलेलं प्रार्थनेचं पुस्तक मोंबाशाच्या शाळेला.

चांदीचा गोट निखिलला. वेदिकाला नाही, निखिलला. वेदिका पाण्यावर असेल तेव्हा तो त्याच्या उजव्या हातात असावा. का द्यायचा, ते त्याला कुणी सांगू नये. हा ब्लॉग तो वाचत नाही, त्यामुळे माझ्याकडून काही फुटणार नाही. त्याने आपणहून विचारलं तर जनीबाय सांगेल. त्याच्या मनगटाला तो लहान होईल, तर सोनाराकडून वाढवून घ्यावा, पण आयची चांदी वितळवू नये, त्यातच भर घालावी.